साबणराव आणि कठड्यावरचा पाक

आमच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर एक म्हातारा उभा असतो. अंगावर खाकी सदरा, कानांवर केसांचे झुपके, चेहऱ्यावर कायमचा राग. तो प्रत्येक गाडी थांबवतो आणि नमस्काराच्या आधी "पिशवी उघडा" म्हणतो. पिशवीतला डबा, खिशातलं चॉकलेट, लेकराच्या हातातलं अर्धं खाल्लेलं बिस्किट, सगळं काढून घेतो. त्या बदल्यात तुमच्या हातात एक पत्र्याचा बिल्ला ठेवतो. परत येताना बिल्ला दाखवायचा आणि आपलं सामान घेऊन जायचं.

माझी तिकिटाची खिडकी फाटकाला लागूनच आहे, त्यामुळे त्याच्याबद्दलच्या तक्रारी आधी माझ्यापर्यंत येतात.

"तो तुमचा माणूस आहे की दरोडेखोर?"

"माझ्या बायकोच्या पर्समध्ये हात घालायला निघाला होता हो!"

"आम्ही प्राणी बघायला आलोय. आधी ह्यालाच पिंजऱ्यात घाला."

मी प्रत्येकाला शांतपणे सांगतो, की तक्रार वरपर्यंत पोचवतो. तो म्हातारा माझा साडू आहे, हे मात्र सांगत नाही. त्याने तक्रार कमी होणार नसते, आणि वर ती थोडी माझ्याकडेही सरकेल.

सगळे त्यांना साबणराव म्हणतात. खरं नाव वापरणारी माणसं आता दोनच उरली आहेत, त्यांची बायको आणि पगार देणारा कारकून. हे नाव त्यांना कसं पडलं, हे लिहायचं म्हणजे त्यांच्या वैऱ्यांबद्दलही लिहावं लागेल, आणि त्यांच्या वैऱ्यांत पहिला नंबर त्यांच्या जावयाचा आहे.

फाटकावर येण्याआधी साबणराव उद्यानात जीप चालवत. पर्यटकांना आत फिरवून आणायचं, हेच काम. ते काम त्यांना यायचं, पर्यटक मात्र सोसायचे नाहीत. कुणी आत मोठ्याने हसलं की ते गाडी उभी करून इंजिन बंद करायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "झालं का हसून? झालं की सांगा." मग गाडीत सुतकासारखी शांतता. एका बाईंनी विचारलं होतं, "काका, हरणं जरा जवळ येतील का फोटोला?" ह्यांचं उत्तर, "का? त्यांना तुमच्याकडे काम काय?" एकदा त्यांच्या गाडीत बसलेली माणसं पुढच्या वेळी माझ्या खिडकीशी वाकून हळूच सांगत, "तेवढे ते कानावर केस असलेले नकोत."

आणि त्याच दमात विचारत, "ते गॉगलवाले मिळतील का?"

गॉगलवाले म्हणजे जावई. हा मुलगा साबणरावांनीच हेरला होता. स्वतःच्या शेजारी बसवून त्याला जंगलातली गाडी शिकवली, कुठे वेग कमी करायचा, कुठे गप्प बसायचं ते दाखवलं, आणि पोरगा कामाचा आहे म्हणून आपली एकुलती एक मुलगी दिली. पोरगा कामाचा होताच. बोलायला गोड, हसायला मोकळा. "अस्वल नाही दिसलं तर मला खुशाल शिव्या द्या," असं तो फाटकावरच सांगायचा. आणि अस्वल दिसायचंच. ओढ्यावरच्या लहान पुलाशी सकाळी एक मादी आणि तिचं पिल्लू यायचं. ती मागच्या पायांवर उभी राहायची आणि पुलाचा दगडी कठडा चाटत बसायची. जीपगाड्यांची रांग लागायची, कॅमेरे चालायचे. ड्रायव्हर लोक तिला हिरॉईन म्हणायचे. "हिरॉईन आली का रे?" "मेकअप चाललाय, येईल."

साबणरावांना पहिल्यापासून खटकत होतं ते एवढंच, की अस्वल दगड कशाला चाटेल? एक दिवस पर्यटकांना गाडीत बसवून ते पुलावर उतरले. उद्यानात गाडीतून उतरायला सक्त मनाई आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी कठड्याच्या फटीत बोट घातलं, वास घेतला, जिभेला लावलं. साखरेचा पाक. ड्रायव्हर मंडळी पहाटेच्या फेरीत बाटलीभर पाक फटींत ओतत होती. त्यांच्या संघटनेत ह्यांच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं, ऑफिसात कुणालाच नाही.

त्याच संध्याकाळी ते मुलीकडे गेले. मीही बरोबर होतो, कारण माझ्या बायकोने भाचीसाठी काही कपडे शिवले होते. मुलीचं घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात शेगडीवर मोठं पातेलं चढवलेलं, आणि ओट्यावर थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. मुलगी डावाने ढवळत होती. साबणराव दारातच थांबले.

"काय शिजतंय?"

"पाक," मुलगी म्हणाली.

"कोणासाठी?"

"गिऱ्हाइकासाठी," आतल्या खोलीतून जावई म्हणाला.

"गिऱ्हाईक चार पायांवर येतं का दोन?"

जावई बाहेर आला. सासऱ्यांना तो मामा म्हणायचा. "मामा, बसा तरी. अस्वलाला गोड आवडतं. आपण काय विष घालतोय का?"

"विष परवडलं, जावईबापू. त्याने ती एकदाच मरेल. ह्याने आधी ती गाडी ओळखायला लागेल, मग गाडीत हात घालेल. मग तिला पिंजऱ्यात टाकतील. आणि तुम्ही दुसरी हिरॉईन शोधाल."

"तुम्हाला कुणी मागत नाही म्हणून पोटात दुखतंय तुमच्या."

"अहो, गप्प बसा ना," मुलगी नवऱ्याला म्हणाली, आणि लगेच बापाकडे वळली. "बाबा, तुम्हीही कमाल करता. लोक खूश होऊन जातात. तुम्हाला कुणाचं हसू कधी बघवलंय का? लहानपणी माझ्या मैत्रिणी घरी यायला घाबरायच्या."

"उद्या कठड्यावर पाक दिसला तर..."

"तर काय?" जावयाने हाताची घडी घातली. "तक्रार कराल? जावयाची?"

मुलगी ढवळायची थांबली होती. पाक खाली लागल्याचा वास आला, तशी ती पुन्हा पातेल्याकडे वळली. साबणराव पाणीही न पिता निघाले. रस्त्यात मला म्हणाले, "तक्रार नाही करत. पण पाकही ठेवत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते फाटकाच्या रांगेत सगळ्यांच्या आधी गाडी लावू लागले. पाक ओतणारी गाडी आदल्या फेरीत जाऊन आलेली असायची, मग पर्यटकांची फेरी सुटायची. ह्यांची गाडी सर्वांत पुढे. सीटखाली गरम पाण्याचा कॅन, भांडी घासायचा ब्रश आणि साबणाची वडी. पुलावर गाडी थांबवायची, उतरायचं, कठडा आतून-बाहेरून घासायचा आणि पाणी मारून पुढे निघायचं. पर्यटक आपले बघत बसलेले. माझ्या खिडकीवर नव्या तक्रारी सुरू झाल्या. "आम्ही एवढ्या लांबून आलो ते ह्यांना पूल धुताना बघायला का?"

त्याच आठवड्यात ड्रायव्हरांनी त्यांना साबणराव म्हणायला सुरुवात केली. नाव चिकटलं. नाव ठेवून कुणी थांबलं नाही. कधी त्यांच्या चाकातली हवा गेलेली असायची, कधी सीटवर ओला साबण फासलेला असायचा. एका सकाळी जीपच्या आरशाला मोडका ब्रश टांगून ठेवला होता, वर लाल फीत. साबणरावांनी फीत टाकून दिली आणि ब्रश वापरायला घेतला. तिकडे जावयाने फटी बदलल्या, पुलाच्या खालच्या बाजूला पाक लावायला सुरुवात केली. हे पोटावर आडवे होऊन खालची बाजू घासू लागले. सासरे-जावई एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. त्यांचं सगळं बोलणं त्या कठड्यावर चालायचं.

"लोकांचे सासरे जावयाला डोक्यावर घेतात," त्यांची बायको माझ्या बायकोला म्हणाली. दोघी सख्ख्या बहिणी, ही थोरली. "आमचे हे जावयाच्या मागून दगड घासत फिरतात. आणि घरातलं एक भांडं कधी घासलं असेल तर शपथ."

उन्हाळा असाच गेला. हिरॉईन यायची, कधी फटीत थोडंफार उरलेलं मिळायचं, कधी नाही. तिचं येणं मात्र थांबलं नाही. साबणराव म्हणायचे, "थांबेल. नाही मिळालं की थांबेल." ते जनावरांना ओळखायचे, पण ही चटक सुटणार नाही, हे त्यांना वेळेवर दिसलं नाही.

ज्या सकाळी घडलं, त्या सकाळी कठडा लखलखीत धुतलेला होता. मादी आली, उभी राहिली, चाटलं. साबणाची चव लागली असावी, कारण ती फुरफुरली आणि मोठ्याने शिंकली. रांगेतल्या गाड्यांत हशा पिकला. मग तिने नाक वर केलं. वास कठड्यावर नव्हता, पण हवेत होता. ती रांगेच्या कडेने एकेक गाडी हुंगत चालू लागली, पिल्लू मागे. जावयाच्या गाडीपाशी थांबली. तिथे सीटखाली पाकाची बाटली कलंडून गळत होती. ती उभी राहिली आणि दोन्ही पंजे तिने गाडीच्या कडेवर टेकले. मागे बसलेल्या पर्यटकाने फोटोसाठी हात लांब केला. मादीला त्या हाताशी काही देणंघेणं नव्हतं, तिला सीटखाली जायचं होतं. हात मध्ये आला. बाहीसकट कातडं सोलून निघालं. किंकाळ्या, धूळ. जावयाने घाबरून गाडी मागे घेतली ती मागच्या गाडीवर आदळली, आणि त्याचं स्वतःचं कपाळ फुटलं. पुढून साबणराव हॉर्न दाबून ठेवत गाडी उलटी घेत आले, तेव्हा कुठे ती पिल्लाला घेऊन झुडपात शिरली.

दुपारपर्यंत ऑफिसच्या आवारात पिंजरा आला होता. गोदामातला जुना, गंजलेला, दोन माणसं उभी राहतील एवढा. उद्यानाचा नियम साधा आहे. माणसाला जखमी करणारं जनावर पकडायचं. पकडलेलं परत सुटत नाही, उरलेलं आयुष्य गजांमागे. पिल्लाचं काय, ह्याबद्दल नियमात काही नाही.

अधिकारी बाईंनी सगळ्या ड्रायव्हरांना आपल्या खोलीत बोलावलं. बाई ह्या कामात मुरलेल्या होत्या, कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांना दिसत होतं. मी जखमी पर्यटकाचं तिकीट घेऊन गेलो होतो, तो तिथेच थांबलो. खोलीत एक पंखा, एक टेबल, भिंतीला टेकून ड्रायव्हर.

"ती गाडीत का चढली?" बाईंनी विचारलं. "कुणी खायला घालत होतं का? तसं असेल तर दोष तिचा नाही, आणि हा पिंजरा मी आत्ता परत पाठवते. पण मला तोंडाने सांगणारा माणूस पाहिजे."

संघटनेचा अध्यक्ष म्हणाला, "बाई, जनावर माजलंय. दुसरं काय."

"कुणी काही घालत नव्हतं?"

"छे छे."

"नाही बाई."

जावई कपाळावरची पट्टी चाचपत खाली बघत होता.

"मी तो कठडा रोज धुतो," दाराशी उभे असलेले साबणराव म्हणाले.

"म्हणजे तुम्ही गाडीतून रोज उतरत होता?"

"हो."

"नियम माहीत आहे ना?"

"त्या नियमाची पाटी मीच रंगवली आहे."

"काय होतं कठड्यावर?"

"साखरेचा पाक."

अध्यक्ष खाकरला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "कोण लावत होतं?"

पातेल्याच्या त्या संध्याकाळनंतर जावई पहिल्यांदाच सासऱ्यांशी बोलला, अगदी हळू. "मामा, घरी चला. घरी बोलू."

"घरी बोलून झालं," साबणराव म्हणाले आणि बाईंकडे वळले. "हे लावत होते. माझे जावई. बाकीच्यांना ठाऊक होतं, आणि ते गप्प होते."

"पाक कुठे तयार व्हायचा?"

इथे ते थांबले. मला वाटलं, एवढं तरी गाळतील. बाईंनाही वाटलं असावं, त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

"माझ्या मुलीच्या शेगडीवर."

जावई उसळला. "सांगा, सगळं सांगा! मग हेही सांगा, की कठडा तुम्ही धुतलात म्हणून ती गाडीत आली! तिथे मिळालं असतं तर चाटून गेली असती गुपचूप. त्या माणसाचा हात मी नाही, तुम्ही सोलला!"

साबणराव जावयाकडे वळले.

"खरं आहे," ते म्हणाले. "धुवायला नको होतं. पहिल्याच दिवशी इथे येऊन सांगायला हवं होतं. जावई म्हणून पाणी ओतत बसलो."

पिंजरा परत गेला. पुलाकडचा रस्ता गाड्यांसाठी बंद झाला. जावयाचा परवाना कायमचा रद्द, अध्यक्षाचाही. साबणरावांचाही, गाडीतून उतरल्याबद्दल. त्यांनी आपला ड्रायव्हरचा बिल्ला स्वतःच काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मग तिला पकडणार नाही ना?"

"आत्ता नाही. पण पुन्हा एखाद्या गाडीशी आली, तर माझे हात बांधलेले आहेत."

"म्हणजे तिला कुणाकडेच काही मिळायला नको."

"कुणाकडेच," बाई म्हणाल्या.

मुलगी दुसऱ्या दिवशी बापाच्या घरी आली. आत न येता उंबऱ्यावरूनच बोलली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तुमच्या जावयाचं कामही घेतलंत आणि माझं नावही घातलंत. म्हातारपणी आता तुमची ती अस्वलीणच पाणी देईल तुम्हाला. हाक मारून बघा, येते का." आई मागून हाका मारत राहिली. पोरगी वळली नाही.

जावई आता शहरात माल पोचवायचा टेम्पो चालवतो. कधी फाटकावरून जायची वेळ आली, की मुद्दाम लांबलचक हॉर्न वाजवतो. साबणराव त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात.

हो, फाटकावर. बाईंना गाड्यांची झडती घेणारा माणूस हवा होता आणि हे काम कुणाला नको होतं. येणाऱ्या प्रत्येकाकडून शिव्या खायचं काम कोण घेईल? बाईंनी मला त्यांच्याकडे विचारायला पाठवलं. मी म्हटलं, "लोक वाट्टेल ते बोलतील."

"जंगल बघायला आलेली माणसं मला कधी चांगलं बोललीत?" ते म्हणाले आणि सदऱ्याला इस्त्री करायला बसले.

गेल्या महिन्यात एक गाडी फाटकाला लागली. पुढे ड्रायव्हर, मागे परगावचे पाहुणे, मुलीच्या सासरकडचे. तिची चुलत नणंद, लग्नाला न आलेली, आणि नणंदेचा नवरा. शेवटच्या बाकावर मुलगी आणि मांडीवर नात. पाहुण्यांना उद्यान दाखवायचं म्हणजे हिला यावंच लागलं असणार. मी खिडकीतून बघत होतो. मला वाटलं, ही गाडी ते तशीच सोडतील.

"पिशव्या उघडा," साबणराव म्हणाले.

नणंदेने उघडली. तिच्या नवऱ्याने खिसे दाखवले. मुलगी समोर बघत बसली होती.

"तुमचीही."

"माझीही?"

"सगळ्यांची."

"माझ्यावर विश्वास नाही?"

साबणरावांनी हात पुढे केला. त्या प्रश्नाचं उत्तर बाईंच्या खोलीत एकदा देऊन झालं होतं. नणंद कुजबुजली, "कोण गं हा खडूस?" मुलीने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि त्यांच्या हातात आदळला. साबणरावांनी बिल्ला पुढे केला. तो नातीने घेतला.

गाडी परत आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नातीने बिल्ला परत दिला आणि तोंड पाडून म्हणाली, "आजोबा, अस्वल दिसलंच नाही."

"छान झालं," साबणराव म्हणाले.

"ऐकलंत?" मुलगी नणंदेला म्हणाली. "नातीलाही दाखवलं नाही. असे आहेत आमचे बाबा." नणंदेचं तोंड उघडंच राहिलं.

साबणरावांनी फळीवरचा डबा आणून दिला. मुलीने तिथेच झाकण उघडलं आणि आतले केकचे तुकडे बोटाने मोजले.

"मोजून घेतलेलं बरं. लोकांचा काही भरवसा नाही."

"भरले ना?"

"भरले." ती झाकण लावायला लागली. ते एका बाजूने वर येत होतं, डबा जुना, कडा वाकलेली. दोनदा दाबलं, बसेना. मागे दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती. तिने वैतागून डबा त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, ह्याचं नेहमीचंच आहे. जरा दाबून द्या."

साबणरावांनी अंगठ्याने कडा आत वळवली, झाकण दाबून बसवलं आणि डबा परत दिला. गाडी निघून गेली.

मग मागच्या गाडीकडे वळून ते ओरडले, "हॉर्न कशाला वाजवता? आत जनावरं राहतात. पिशव्या उघडा!"